नववीच्या मुलांना वाचतं करायचंय? आधी कपाटाचं कुलूप काढा

ताई, शाळेच्या ग्रंथालयात नव्याने रुजू झालात, म्हणून मनापासून सांगते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर करा, पण सगळी ताकद त्या एका दिवसावर लावू नका. कलामांच्या फोटोला हार, भाषणं, तासभर सक्तीचं वाचन, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप, हे फार ठिकाणी होतं.

पुस्तक हरवेल ही भीती मनातून काढा. चार फाटली तरी चालतील, कपाटात वाळवीने खाण्यापेक्षा बरं. आठवी-नववीच्या मुलांना स्वतः निवडू द्या. भयकथा, क्रिकेटपटूंची चरित्रं, जुने दिवाळी अंक, जे उचलतील ते. ‘हे तुझ्या वयाचं नाही’ असं पटकन म्हणू नका. त्या वयात हे वाक्य फार लागतं. आणि वाचून झाल्यावर सारांश तर मुळीच मागू नका, त्याचा गृहपाठ होतो.

माझ्याकडे सगळ्यात चाललेला उपक्रम अगदी साधा आहे. पुस्तकाच्या मागच्या पानाला कोरा कागद चिकटवायचा. वाचणाऱ्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची, नाव नको. ‘पहिली वीस पानं कंटाळा येईल, सोडू नको’ असं एखाद्या मुलाने लिहिलं की ते पुस्तक आठवडाभर जागेवर सापडत नाही. आपण कितीही सांगितलं तरी एवढा परिणाम होत नाही.

ऑफ तासाला वर्गात जाऊन पाच मिनिटं मोठ्याने वाचा. ऐन रंगात आलं की थांबा, पुस्तक टेबलावर ठेवा आणि निघून या. देवघेवीची वही मुलांनाच सांभाळू द्या, विशेषतः मागच्या बाकावरच्यांना.