वाचक विचारतात : थंडीचे चार महिने बोटीवर की कॉन्डोत?

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त. वयं ६४ आणि ६१. थंडीचे चार-पाच महिने उबदार किनाऱ्यावर काढायचं ठरलं आहे. एका बेडरूमचा कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) पाहिला आणि ३६ फुटांची, वीस वर्षं जुनी शिडाची बोटही पाहिली. बोट कॉन्डोच्या पाव किमतीत मिळते आहे. म्हणजे बोट स्वस्तच पडणार ना?

उत्तर : खरेदीच्या दिवशी पडेल. पुढचं सांगता येत नाही.

बोटीच्या देखभालीला वर्षाकाठी तिच्या किमतीच्या दहा टक्के धरावेत, असा एक ठोकताळा आहे. जुन्या बोटीच्या बाबतीत तो फसवतो. वीस वर्षांत बोटीचा भाव उतरलेला असतो. पण तिची शिडं, इंजिनाचे भाग, तळाचा रंग आणि धक्क्याचं भाडं यांचा भाव उतरत नाही. ३६ फुटांच्या तळाला रंग लागायचा तेवढाच लागतो, मग बोट कितीही जुनी असो. त्यामुळे अशी बोट नवी घेतली तर कितीला पडेल हे आधी विचारा आणि मोठ्या दुरुस्त्यांचा अंदाज त्या आकड्यावरून बांधा.

वीस वर्षांच्या बोटीत दोन मोठे खर्च दाराशी येऊन उभे असतात. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारांचं वय दहा ते पंधरा वर्षं झालं की बऱ्याच विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात. आधीच्या मालकाने बदलल्या असतील तर पावती मागून घ्या. तोंडी ‘बदलल्यात हो’ विमा कंपनीकडे चालत नाही. दुसरा खर्च डेकचा. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. स्क्रूच्या भोकातून त्यात पाणी मुरलं की लाकूड कुजतं. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने डेकवर ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे ठीक, भदभद वाजतं तिथे ओल. आणि सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, स्वतः नेमा. विकणाऱ्याने दिलेला तयार अहवाल वाचा जरूर, पण त्यावर विसंबून पैसे देऊ नका. तपासणी बोट पाण्याबाहेर काढून झाली पाहिजे; तरंगत्या बोटीचा तळ कुणालाच दिसत नाही.

धक्क्याचं भाडं लांबीवर लागतं. नाळेवरचा नांगर आणि मागे टांगलेली छोटी होडी धरून मोजणारे बरेच असतात, त्यामुळे कागदावरची ३६ फुटी बोट बिलात ४० फुटी होऊ शकते. याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे *राहायला* परवानगी आहे का ते लेखी घ्या. कित्येक मरीना (बोटी बांधायच्या धक्क्यांची बंदरं) बोट बांधू देतात, मुक्काम करू देत नाहीत, किंवा राहणाऱ्यांच्या जागा मोजक्याच ठेवतात.

पण तुमच्या पत्रातली खरी उणीव वेगळीच आहे. त्यात राहण्याच्या चार-पाच महिन्यांचा हिशेब आहे, उरलेल्या सात-आठ महिन्यांचा नाही. ऋतूपुरतं घर म्हणजे वर्षाचा बराचसा काळ बंद असलेलं घर. बंद कॉन्डो बहुतेक वेळा थांबून राहतो. बोट थांबत नाही. निवड करायची ती यावरून. सूर्यास्त दोन्हीकडून सारखाच दिसतो.

प्रश्न : बोट धक्क्याला नीट बांधून, वीज जोडून, पाणी उपसायचा पंप ऑटोमॅटिकवर ठेवून गेलं तर काय बिघडतं?

उत्तर : एक आकडेमोड बघा. समुद्राचं पाणी आत घेणारी किंवा सांडपाणी बाहेर सोडणारी भोकं बोटीच्या तळाला असतात, प्रत्येकावर एक झडप, तिला सीकॉक म्हणतात. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर असलेल्या ३८ मिलिमीटरच्या सीकॉकचा पाइप निसटला, तर मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. पंपावर ताशी ७,५०० लिटर लिहिलेलं असेल, तर तो कागदावरसुद्धा मिनिटाला १२५ लिटरच उपसतो. पाणी मीटरभर वर चढवायचं असतं, पाइपला वळणं असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय तो बॅटरीवर चालतो. पंप थेंबथेंब गळतीसाठी आहे, फुटलेल्या पाइपसाठी नाही.

म्हणून निघण्यापूर्वी डेकवर पडणारं पाणी बाहेर सोडणारे सोडून बाकी सगळे सीकॉक बंद. पाण्याखालच्या प्रत्येक पाइपला दोन-दोन क्लॅम्प, स्टेनलेसचे. सीकॉक साध्या पितळेचा असेल तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं; धातू गुलाबीसर दिसू लागतो आणि एक दिवस हातात तुटून येतो. गुलाबी दिसला की बदला, ब्राँझचा किंवा चांगल्या कॉम्पोझिटचा घाला.

किनाऱ्याची वीज जोडून ठेवण्यात दुसरी गोम आहे. अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते. वेगवेगळे धातू आणि खारं पाणी मिळून एक मोठी बॅटरीच तयार होते. तीत झिजायला आधी तुमचे झिंकचे अॅनोड (मुद्दाम झिजण्यासाठीच लावलेले तुकडे) जातात, मग प्रोपेलर. वीज जोडून ठेवायचीच असेल तर अर्थिंगच्या तारेतला हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. अॅनोड अर्धा झिजला की बदलायचा, पूर्ण संपायची वाट बघायची नाही.

आमचं मत विचाराल तर दोन महिन्यांहून जास्त काळ जायचं असेल तेव्हा बोट जमिनीवर काढा. पाण्याची टाकी रिकामी, मैल्याची टाकी उपसून धुतलेली, इंजिनातून गोडं पाणी फिरवलेलं, डिझेलची टाकी भरलेली, म्हणजे आत दव धरायला मोकळी जागा उरत नाही. शिडं आणि कापडी छत उतरवून आत ठेवा. वादळात बोट आडवी होते ती पुष्कळदा न उतरवलेल्या कापडामुळे. फ्रिजचं दार, कपाटं, गाद्या उघड्या ठेवा. बसायच्या खोलगट जागेची पाणी जायची भोकं तारेने साफ करा. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाऊस तिथे साठतो आणि उंबऱ्यावरून केबिनमध्ये उतरतो. बोट एका थेंबानेही गळत नसताना अशी आतून भरते.

बोट ज्या पोलादी टेकूंवर उभी असते ते समोरासमोरच्या जोड्यांनी साखळीने बांधलेले हवेत. ताडपत्रीची दोरी कधीही टेकूला बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की टेकू हलत हलत निसटतो आणि बोट कलंडते. हे फार होतं.

विम्याच्या कागदात वादळाच्या ऋतूचं कलम बहुधा असतं. उत्तर अटलांटिकच्या काठाला हा ऋतू १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्या काळात बोट ठरावीक अक्षांशाच्या वर न्या, नाहीतर जमिनीवर काढून पट्ट्यांनी जखडा, अशी अट घालतात. ती पाळली नाही तर दावा फेटाळला जाऊ शकतो. तुमच्या किनाऱ्याचा वादळी ऋतू कोणता आणि कलमात काय आहे, हे हप्ता भरण्यापूर्वी वाचा.

प्रश्न : कॉन्डोत हे काहीच नाही. दाराला कुलूप लावलं की मोकळे. मग कॉन्डोच का घेऊ नये?

उत्तर : घ्या की. फक्त कुलूप तुमच्या दाराला असतं, इमारत सगळ्यांची असते. बोटीवर खर्च कधी करायचा हे तुम्ही ठरवता. कॉन्डोत ते सभेत ठरतं आणि बिल तुम्हाला येतं.

त्यामुळे फरशी आणि स्वयंपाकघर बघण्याआधी कागद मागा: मागच्या तीन वर्षांची सभांची इतिवृत्तं, राखीव निधीचा ताजा अहवाल, इमारतीच्या विम्याची प्रत, चालू कोर्टकज्ज्यांची यादी आणि थकबाकीदार किती, तो आकडा. निधी पुरेसा आहे का याचा हिशेब घरी करता येतो. समजा छताचं आयुष्य २० वर्षं आहे आणि १५ उलटली आहेत. मग नव्या छताच्या खर्चापैकी पाऊण हिस्सा आज निधीत पडून असायला हवा. हाच हिशेब लिफ्ट, रंग आणि पाइपांचा करा. बेरीज निधीच्या दुप्पट निघाली, तर उरलेली अर्धी रक्कम जादा वर्गणी म्हणून येणार आहे, तुमच्या हिश्शासकट. मासिक मेंटेनन्स फारच कमी असलेली इमारत बघून हुरळू नका. बहुतेक वेळा तिथे निधीच साठवलेला नसतो.

समुद्राकाठी काँक्रीटला एक ठरावीक आजार होतो. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून आतल्या सळीपर्यंत पोचतं. सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून दाब देऊन काँक्रीट फोडतो. पार्किंगच्या छताकडे बॅटरी मारून बघा. तपकिरी ओघळ, पांढरे क्षार, पोपडे, उघडी पडलेली सळी. बाल्कन्यांच्या खालच्या बाजूला बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर रंगाखाली काय होतं ते इतिवृत्तात शोधा.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी सुमारे अर्धी कोसळली. ९८ जण गेले. स्विमिंग पूलच्या बाजूच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं इंजिनिअरने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना तिसाव्या वर्षी (किनाऱ्याजवळ पंचविसाव्या) तपासणी आणि दर दहा वर्षांनी राखीव निधीचा अभ्यास सक्तीचा केला. जिथे असा कायदा नाही तिथे हे प्रश्न खरेदीदारानेच विचारायचे.

नियमावलीतलं एक आणि विम्याच्या कागदातलं एक, अशी दोन कलमं ऋतूपुरतं राहणाऱ्यांनी विशेष वाचावीत: उरलेले महिने भाड्याने देता येतो का आणि कमीत कमी किती मुदतीसाठी, आणि किती दिवस बंद राहिल्यावर विम्याचं संरक्षण आखडतं. ३० किंवा ६० दिवसांची मर्यादा सर्रास दिसते.

प्रश्न : कॉन्डो बंद करून जाताना काय करावं?

उत्तर : पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, मग एक नळ उघडून दाब काढून टाका. गीझर बंद. मोरीच्या जाळ्यांमधून आणि सिंकमधून थोडं पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल. तेलाच्या थराने खालचं पाणी लवकर उडत नाही आणि गटाराचा वास घरात शिरत नाही. दमट हवेच्या ठिकाणी एसी पूर्ण बंद करू नका, २६-२७ अंशांवर ठेवा, नाहीतर परत आल्यावर कपाटात बुरशी. मात्र एसीची पाण्याची नळी साफ करून जा. ती तुंबली तर पाणी खालच्या मजल्यावर पोचतं. पाणी वाढल्यावर एसी बंद करणारा फ्लोट स्विच असतो, तो बसवून घ्या. महिन्यातून एकदा दार उघडून बघणारं माणूस हवंच, आणि त्याने आल्याची तारीख लिहून ठेवावी. विम्याच्या वेळी ती वही कामाला येते.

प्रश्न : माझे गुडघे कुरकुरतात. मिस्टर म्हणतात, बोटीवर सवय होईल. होते का?

उत्तर : चालायची होते, शिडीची होत नाही. शिडाच्या बोटीत खाली केबिनमध्ये उतरायला पाच-सहा उभ्या पायऱ्या असतात, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा वर-खाली होतं. बोट बघायला जाल तेव्हा एका हातात भरलेला चहाचा कप घेऊन तीनदा उतरा-चढा. मग झोपायच्या जागेवर दोघं आडवे व्हा आणि आतल्या बाजूचं माणूस दुसऱ्याला न उठवता बाहेर येतं का बघा. रात्री दोनदा उठणाऱ्यांसाठी ही परीक्षा निर्णायक आहे. भरती-ओहोटीबरोबर बोट वर-खाली होते, त्यामुळे स्थिर धक्का बोटीपासून कधी कमरेइतका वर, कधी खाली असतो. तुम्हाला तरंगता धक्काच हवा.

एकाच जागी बांधून राहायचं असेल तर शिडाच्या बोटीचा हट्ट का? सावकाश चालणारी ट्रॉलर पद्धतीची मोटरबोट त्याच लांबीत जास्त ऐसपैस असते, पायऱ्या कमी, खिडक्या मोठ्या.

राहण्याचं गणितही सांगून ठेवतो. ३०० लिटरची पाण्याची टाकी दोघांना, काटकसरीने दिवसाला ४० लिटर वापरले तर, आठवडाभर पुरते. ७० लिटरची मैल्याची टाकी चार-पाच दिवसांत भरते. उपसायची सोय त्याच धक्क्यावर आहे ना ते बघा. २३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या जोडणीतून सुमारे ३,७०० वॅट मिळतात. एसी १,५००, गीझर १,२०० आणि किटली २,००० एकदम लावली की वीज गेलीच. वीज जाणं परवडलं, प्लग जळणं नाही. खाऱ्या हवेने पिना गंजून सैल होतात आणि तिथेच तापतात. तासभर एसी चालवून प्लगला बाहेरून हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल किंवा पिनेभोवती तपकिरी डाग दिसला तर प्लग आणि केबलचं टोक दोन्ही बदला. गॅस सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. गॅसचा सेन्सर तळाशी, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ.

प्रश्न : काहीच विकत न घेता आधी करून बघता येईल का?

उत्तर : येईल, आणि तसंच करा. एका ऋतूत निम्मे दिवस भाड्याचा कॉन्डो, निम्मे भाड्याची बोट. बोट मात्र सगळ्यात पावसाळी आणि वाऱ्याच्या आठवड्यांत घ्या. दोघं आत कोंडून बसलात, ओले टॉवेल वाळत नाहीत, गादी खालून दमट लागते, तरीही परत यावंसं वाटलं तर तळ तपासायला सर्व्हेअर बोलवा.