हस्की नको, खरारा धर

बाळा,

तुझा मेसेज रात्री दीडला आला, तेव्हाच झोपेचं काय झालंय ते कळलं. अंबडची शिफ्ट, सुपरवायझरची कटकट, आणि त्यावर उपाय काय, तर सिडकोतल्या एका खोलीत हस्की! अरे, थंड मुलखातलं कुत्रं ते. नाशिकच्या एप्रिलात पत्र्याखाली कोंडलंस तर तुझ्याआधी त्यालाच डॉक्टर लागेल. आपलं मन रमवायला जनावर आणू नये. त्याचं काम करायला जावं. मन रमायचं तर मागाहून रमतं.

हे गोठ्यातलं शहाणपण समजू नकोस. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीनं 2019 मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग छापला. काहींनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना गोंजारलं, काहींनी नुसतं लांबून पाहिलं, काहींनी फोटो पाहिले. ताण आला की वाढणारं कॉर्टिसॉल लाळेत मोजलं, ते गोंजारणाऱ्यांचं कमी निघालं. तेव्हा तुझ्या त्या रील्स पुरे. हात लागला पाहिजे.

आणि दहा मिनिटांवर माझं भागत नाही. रोज, ठरल्या वेळी, त्याच जनावराचं काम. आमच्या कपिलेला खरारा कर. केसांच्या कलानं, पाठीवरून मागं, मग गळ्याखालच्या पोळीला नुसती बोटं. मान लांब करते, कान सैल सोडते, डोळे अर्धे मिटते. घाई केलीस तर शेपूट सणकन तोंडावर. दिवसाचे सात-आठ तास रवंथ करणाऱ्या जिवापुढं तुझं टार्गेट काय चालणार?

मखमलाबादेत आजूबाजूला बंगले उठले. जमिनीचा भाव सांगून लोक मला वेड्यात काढतात. भावानं वाटणी विकून फ्लॅट घेतले, तो बीपीच्या गोळ्या खातो. हिणवत नाही. बरं, थोडं हिणवतोच. तुझ्या काकूला काशी दाखवायची राहिली, हे मात्र सलतं. दोन्ही वेळची धार कुणावर टाकणार? पण ती चुकवता येत नाही, म्हणूनच वाईट दिवसांतही मी पहाटे अंथरुणातून उठलो. तुला हवंय ते हेच. लाड नकोत, काम हवं. किती वेळा सांगू?

गल्लीतल्या कुत्र्यांपासून सुरुवात करायची तर कर, पण चावलं किंवा ओरखडलं तर साबणानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजची लस घे. हळद-चुना लावत बसू नकोस. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरला दाखव. कपिला गाय आहे, डॉक्टर नाही.

रविवारी शिफ्ट सुटली की सरळ इकडं ये. मोबाईल डिकीत ठेव, मागच्या खेपेला एका हातानं खरारा चालला होता तुझा. धार झालेली असेल. शेण तुझ्यासाठी ठेवतो.

तुझा,
काका