बुडबुडे दिसले म्हणून लगेच हाफ इंजिन उघडू नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा टायरचा ट्रक, बीएस फोर (बीएस सिक्सच्या आधीचा धुराचा नियम), साडेपाच लाख किलोमीटर झालेली गाडी, होटगीवरनं सिमेंट भरून बीडकडं जाता, तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीकडं जायलाय, चढाला काळा धूर, पिकअप नाही, आणि रेडिएटरचं झाकण काढलं की बुडबुडे. मिस्त्री म्हणायलाय हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या झाकणाखालची पट्टी) गेलं, हाफ इंजिन करून टाका, म्हणजे हेड खोलून रिंगा, लायनर सगळं बदला. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, तसंही असू शकतंय. पण त्यानं बघितलं काय, तर नुसतं झाकण उघडून बुडबुडे.

माझीच गोष्ट सांगतो. २०१४ च्या उन्हाळ्यात माझ्या गाडीला सेम हेच. एका गॅरेजला नेली, दुसऱ्या दिवशी हेड खाली. हेड तासून फेसिंग, गॅस्केट, पिस्टनच्या रिंगा, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) सगळं नवीन, नऊ दिवस गाडी उभी आणि हप्ता काय थांबत नाही. बाहेर काढली तर मोहोळ यायच्या आत परत बुडबुडे! शेवटी ब्रेकचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री, जो इंजिनाला हातपण लावत नाही, त्यानं चहा पिता पिता सांगितलं, "एअर कंप्रेसर बघितला का बे?" कंप्रेसरच्या हेडला केसाएवढी चीर. एवढ्यासाठी माझं अख्खं इंजिन उघडलं होतं.

विषय असा हाय की बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर इंजिनच्याच पाण्यावर गार होतोय आणि इंजिनच्याच ऑइलवर चालतोय. त्याचं हेड चिरलं किंवा गॅस्केट गेलं की तो दाबाची हवा टाकीत भरतो तशी थोडी पाण्यातपण सोडतो. पाण्यात हवा आली की पाणी ओव्हरफ्लोतनं बाहेर, राहिलेलं पाणी नीट फिरत नाही, गाडी गरम. लक्षणं सगळी हेड गॅस्केटची, दुखणं दुसरीकडं.

हे तपासायला रुपया लागत नाही. सकाळी गाडी थंड असताना ब्रेकच्या टाक्यांतली हवा पूर्ण काढा, झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा आणि बघत बसा. हवा भरत असताना बुडबुडे येतात, आणि हवेचा मीटर ७-८ किलोवर (गाडीप्रमाणे कमीजास्त) जाऊन फुस्स करून कट झाला की बुडबुडे थांबतात, असं झालं तर कंप्रेसर. मग ब्रेक दाबून दाबून हवा खाली आणा, परत भरायला लागला की परत बुडबुडे येणार. उलट हवा कट झाल्यावरपण चालूच राहिले, रेस दिली की वाढले, आणि थंड इंजिनवरच वरचा होज दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला तर मात्र मिस्त्री खरा, हेड खोला. नुकतंच पाणी भरलं असेल तर आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे पहिल्यांदा येणारच, ते धरू नका. आणि तुमचा कंप्रेसर हवेवर गार होणारा असेल, त्याला पाण्याचे पाईपच नसतील, तर हा विषय सोडून द्या.

हे सगळं थंड इंजिनवरच बरं का. गरम गाडीचं झाकण उघडून तोंड भाजलेले दोन क्लिनर मी स्वतः दवाखान्यात नेलेत. दाबाखालचं पाणी शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण काढलं की सगळं एकदम उसळतंय. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की चांगलं हेडपण चिरतंय.

आता पाण्याचं विचारतो, रेडिएटरमध्ये काय भरता? खरं सांगा. ढाब्यावरचं बोअरचं ना? आपल्याकडं नळाला रोज कुठं पाणी येतंय, सगळं बोअरवरच, आणि बोअरचं पाणी म्हणजे नुसता चुना. घरच्या हंड्याला आतनं पांढरा थर बसतोय तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि लायनरच्या बाहेरनं बसतोय, मग ४२-४३ डिग्रीच्या उन्हात भरलेली गाडी घाटाला लागल्यावर उष्णता जाणार कुठं? याहून वाईट म्हणजे लायनर. इंजिन चालताना लायनर थरथरतोय, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक वेळी धातूचा कण उचलतात. कूलंटमधलं औषध तिथं एक पातळ पापुद्रा धरतंय म्हणून लायनर वाचतोय. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवली की लायनरला टाचणीएवढी भोकं पडतात, पाणी ऑइलमध्ये, आणि डिपस्टिकवर (ऑइल बघायच्या काडीवर) दुधाळ कॉफीसारखं ऑइल. तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, नाहीतर तयार मिळतंय ते, पण वरून बोअरचा डबा ओतायचा नाही. आम्ही केबिनमध्ये पाच लिटरचा कॅन कायम ठेवतो, क्लिनरनं पिऊ नये म्हणून त्यावर कवटी काढलीय.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारी झडप) आहे का काढून टाकलाय तेपण बघा. उन्हाळा आला की आपल्याकडं मिस्त्री लोक तो काढूनच ठेवतात, म्हणे गाडी गार राहते. काही इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतोय, तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतंय आणि गाडी उलट जास्त तापते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीच्या) मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. समोरनं स्वच्छ दिसतंय आणि आत सिमेंट आणि ऑइलचा लेप असतोय, उसाच्या गाड्यांना तर सीझनमध्ये तिथं पाचटाची गादीच निघते. धुताना फॅनच्या बाजूनं पुढं पाणी मारा, वॉशिंगवाल्याला सांगा प्रेशर कमी ठेव, नाहीतर पत्र्या चेपून ठेवतो.

काळ्या धुराचा हिशोब सोपा हाय, डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि दहातल्या सात वेळा हवाच कमी असते, निदान माझ्या अनुभवात. सिमेंटच्या लाईनीत एअर फिल्टरला फार जपावं लागतंय. बाहेरचा फिल्टर हवेची नळी जवळ धरून मारला की कागद फाटतोय, दिसत नाही, आणि तिथनं सिमेंट थेट टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पात्यांवर आणि रिंगांवर. आतला छोटा फिल्टर साफ करायचाच नसतोय, बदलायचा. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथनं मॅनिफोल्डपर्यंतचे (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंतचे) होज, क्लॅम्प हाताखालनं घाला, साबणाचं पाणी लावून एकाला रेस द्यायला सांगा, फेस आला तिथं हवा गळायलीय. टर्बोच्या शाफ्टला आजूबाजूला अगदी थोडा खेळ चालतो, पण आतबाहेर हलतोय किंवा पातं घासलंय तर टर्बो गेला. ड्रायव्हरला सांगा, घाट चढून ढाब्यावर थांबलं की दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद कर. चाललेला टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतोय, इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल तिथल्या तिथं थांबतंय आणि बेअरिंगमध्ये जळून कोळसा होतंय.

पिकअपचं अजून एक, मीटरवर युरियाचा (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाचा) दिवा लागलाय का? बीएस फोरच्या युरियावाल्या गाड्यांत सिस्टिम बिघडली की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतोय, त्यात इंजिनाचा काही दोष नसतोय. शेतीचा युरिया पाण्यात कालवून कॅनमध्ये विकणारे हायवेवर बसलेत. खऱ्या मालात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी असतंय. आणि स्वस्तातलं बायोडिझेल घेत असाल तर डिझेल फवारणाऱ्या नोझलवर खर्च करायच्या आधी ते बंद करा.

रिंगा खरंच गेल्यात का हे बघायला, इंजिन गरम आणि आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण उलटं करून नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतंय, उडून पडलं तर खालून हवा मारायलीय. पण इथंपण तोच कंप्रेसर आडवा येतोय, कारण त्याच्या रिंगा झिजल्या तरी हवा इंजिनच्याच चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या भागात) जाते. ब्रेकच्या टाकीचं ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर ऑइल पडत असेल तर आधी त्याच्याकडं बोट दाखवा. टर्बोचं सील गेलं तरी झाकण उडतंय. निळा धूर, ऑइल पिणं आणि थंडीत स्टार्टिंगला त्रास, हे तिन्ही सोबत असतील तर मग मी म्हणेन रिंगा.

उद्या सकाळी आधी ती हवा भरायची टेस्ट करा, अर्धा तास लागेल. कट झाल्यावर बुडबुडे थांबले का चालू राहिले आणि डिपस्टिकवर ऑइल कसलं दिसलं, एवढं कळवा, मग पुढचं बघू. मिस्त्रीला तोवर म्हणा बाहेरगावी गेलोय.