युद्ध पेटलं तर नागपुरात बाळंतपणाची आणि लसींची सोय राहील का?

वहिनींना सातवा महिना आहे, म्हणून तुम्ही विचारताय. काळजी रास्तच आहे. नागपूर सीमेपासून लांब. इथे फटका बसला तर आधी वीज आणि औषधपुरवठ्याला बसेल, आणि बाळंतपणात नेमकं तिथेच अडतं. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, बहुतेक लसीही तशाच. म्हणून दवाखान्यात जनरेटर आहे का, हे आत्ताच विचारून घ्या.

नोव्हेंबर 2023 मध्ये गाझातल्या अल-शिफा रुग्णालयाची वीज गेली, काचेच्या पेट्या बंद पडल्या आणि अपुऱ्या दिवसांची बाळं एकाच पलंगावर शेजारी-शेजारी निजवावी लागली. 19 तारखेला 31 बाळं तिथून हलवली. हे वाचून आजही पोटात कालवतं. बाळाला अंगाची ऊब देणारी कांगारू पद्धत घरात सगळ्यांनीच शिकून घ्यावी असं मला वाटतं ते यामुळेच: अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवून बाळाला उघड्या छातीशी उभं धरायचं, वरून शाल गुंडाळायची. आईला जमत नसेल तेव्हा बाबांनी धरावं.

डागा, मेयो की मेडिकल, या सरकारी रुग्णालयांपैकी जवळचं कोणतं ते ठरवा, दुसरा पर्यायही ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 102 आणि 108. माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स, रक्तगट आणि आशाताईंचा नंबर एका पिशवीत ठेवा. पावडरच्या दुधाच्या भरवशावर राहू नका. पाणी खराब झालं की तान्ह्या बाळाला तेच आधी बाधतं.