काळा घोड्याच्या 'आर्ट वॉक + फूड टेस्टिंग'ला जावं का? चित्रांतलं काही कळत नाही

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी तीन-चार गॅलऱ्या, मध्ये मध्ये दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं खाणं, तिकीट पंधराशे, आणि चित्रांतलं ओ की ठो कळत नाही, तर पैसे वाया जातील का.

जा बिनधास्त. फक्त चित्रांसाठी पंधराशे मोजतोय असं समजून जाऊ नका, कारण चित्रं फुकट असतात. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट, फुटपाथवरचे चित्रकार फुकट, कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्या फुकट, जुन्या बिल्डिंगचा जिना चढायचा, बेल वाजवायची, आत जायचं, घेणार आहात का असं कोणी विचारत नाही. मग पंधराशे कसले? थोडे फिरवत फिरवत बोलणाऱ्या माणसाचे, थोडे आयोजकाचे आणि उरलेले खाण्याचे. ते उरलेले किती हे मला चांगलं माहितीय, कारण असल्या एका वॉकचा खाण्याचा थांबा आमच्याकडे होता.

आमची खानावळ फोर्टात, बोरा बाजारच्या बाजूला. आईने सुरू केलेली, आता मी बघते. दुपारी बँकवाले, कोर्टातले कारकून, कुरिअरची पोरं, साडेबारा ते तीन श्वास घ्यायला वेळ नसतो आणि त्यानंतर फोर्ट असं काही रिकामं होतं की सहानंतर आमच्या गल्लीत मांजरंच. म्हणून दादाने जेव्हा सांगितलं की एक वॉकवाले संध्याकाळच्या थांब्यासाठी 'ऑथेंटिक' जागा शोधतायत तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, जेजे आर्ट स्कूलचा, चित्रकार, आणि त्या वॉकला गॅलऱ्यांमध्ये बोलणारा पण तोच.

आयोजकांकडून एक मुलगी आली मेनू ठरवायला. गोड होती बिचारी, काकू काकू करत होती. मी म्हटलं सोड्याची (म्हणजे वाळवलेल्या कोलंबीची) खिचडी, वालाचं बिरडं आणि शेवटी खाजाचे कानवले देते. ती म्हणाली, मस्त, पण खिचडी शॉट ग्लासमध्ये द्याल का, आणि वर काहीतरी हिरवं, कोथिंबीर नको, कोथिंबीर सगळेच घालतात. सोड्याची खिचडी शॉट ग्लासमध्ये! अहो, त्या ग्लासात सोडा मावेल की तांदूळ? शेवटी वाट्यांवर तडजोड झाली, माणशी दीडशे ठरले, मी म्हटलं ठीक आहे, संध्याकाळी नाहीतरी गॅस बंदच असतो.

आता बिरडं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक वाल हाताने सोलायचा. तीस माणसांचे वाल मी आणि आमच्या मावशी दुपारचं सगळं आवरून सोलत बसलो होतो, नखं काळी झालेली. ह्यात मोठेपणा नाही, धंदाच आहे, पण पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

संध्याकाळी मी वॉकमध्ये पहिल्यापासून घुसले, मावशींवर गॅस सोडून. म्हटलं बघू तरी दादा काय बोलतो. आणि बोलतो छान, हे मान्य करायला हवं. चित्रकार के. एच. आरांबद्दल तर पंधरा मिनिटं बोलला. हा माणूस घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या, जेजेसारख्या मोठ्या आर्ट स्कूलमधून आलेला नाही, आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणाऱ्या सहा चित्रकारांत होता. फळं, फुलदाण्या, भांडी, असली स्टिल लाइफं काढायचा. दादा सांगत होता की बघा, कारागिरी आणि कला यांच्यामधली भिंत या माणसाने नुसतं जगून पाडली. लोक गप्प होऊन ऐकत होते, मला पण अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

गॅलरीत प्रत्येक चित्राशेजारी छोटं लेबल असतंच, चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, ऑइल ऑन कॅनव्हास, छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंच, साल. आणि वॉकचं जे पत्रक हातात दिलं होतं त्यात पण तसंच, प्रत्येक गॅलरी, प्रत्येक चित्रकार, व्यवस्थित. दादाचं नाव, शिक्षण, फोटो. आणि खाण्याच्या थांब्यांपुढे काय? 'स्थानिक चवी'. झालं. ना खानावळीचं नाव, ना पदार्थाचं, ना गल्लीचं. म्हणजे आरांनी काढलेल्या वांग्याला नाव आहे आणि आम्ही शिजवलेल्या वांग्याला नाही.

मी गुपचूप मधूनच सटकले, खानावळीत आले आणि बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यांवर मार्करने लेबलं लिहिली. 'वालाचं बिरडं. कडवे वाल, ओला नारळ, कोकम, गूळ. दोन दिवस. पाककृती: आई.' तसंच खिचडीचं, तसंच कानवल्यांचं. भिंतीला चिकटपट्टीने लावली, गॅलरीत असतात तशी, पदार्थाच्या उजव्या बाजूला. लोक आले आणि तुम्हाला सांगते, आधी लेबल वाचायला लागले आणि मग खायला. एका बाईंनी विचारलं दोन दिवस म्हणजे काय, मी सोललेल्या वालांची सालं दाखवली, मग सगळे त्या सालांभोवती. आयोजक मुलगी कसनुसं हसत होती. थोड्या वेळाने तिने दोन पुठ्ठे काढले, म्हणे काकू, फोटोत जरा विचित्र दिसतंय.

आणि दादा काय म्हणाला? सगळे गेल्यावर खुर्च्या उचलता उचलता म्हणाला, "अगं, भज्यांना कधी लेबल लावतात का? लोक चित्रं बघायला आलेत, खाणं हा मधला ब्रेक आहे. तू त्याचं लग्नाचं बुफे करून टाकलंस."

तेव्हापासून हा वाद चालू आहे. गणपतीत निघतो, भाऊबीजेला निघतो, वहिनी आता उठून आत जाते. दादाचं म्हणणं असं की खाण्यामुळे चित्र उतरतं, लोक वाइन आणि चीजच्या तुकड्यासाठी प्रदर्शनाच्या ओपनिंगला येतात आणि चित्राकडे पाठ करून उभे राहतात. हे खरंय, मी पण बघितलंय. गॅलरीच्या आत खाणं नको हे पण मला शंभर टक्के पटतं. तेलाचा हात कॅनव्हासला लागला की गेला, हळदीचा डाग कागदावरून निघत नाही, सांडलेल्याला झुरळं येतात, आणि मुंबईच्या दमटपणात चित्रांना बुरशीचं संकट आधीच आहे, त्यात आपली वाफाळती खिचडी कशाला. म्हणून तर खाण्याचे थांबे वेगळ्या जागी असतात.

पण खाण्यामुळे चित्र उतरतं हे दादाने बोलावं? ज्याची जेजेची वर्षं समोवारमध्ये गेली त्याने? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जहांगीरच्या आतच समोवार कॅफे होतं, उषा खन्नांनी १९६४ मध्ये काढलेलं, २०१५ मध्ये बंद झालं. लांबलचक अरुंद पडवी, पलीकडे म्युझियमची हिरवळ, पराठे, पेरूचा ज्यूस. हुसेन तिथे येऊन बसायचे. वरच्या मजल्यावर १९६३ पासून केकू आणि खोरशेद गांधींची केमोल्ड गॅलरी होती, म्हणजे वर चित्र बघायचं आणि खाली येऊन त्यावर भांडायचं. एका चहावर चार-चार जण तीन तास बसलेले असायचे, त्यात माझा भाऊ, आणि चहाचे पैसे बऱ्याचदा आई द्यायची, खानावळीच्या गल्ल्यातून. समोवार बंद झालं तेव्हा दादाने फोन करून सांगितलं होतं की जहांगीर आता नुसती भिंत झाली. तेव्हा पराठा हा 'मधला ब्रेक' नव्हता वाटतं.

त्याला हे सांगितलं की तो म्हणतो समोवारची गोष्ट वेगळी. वेगळी काय, तर तिथे तो गिऱ्हाईक होता आणि इथे बहीण चुलीशी आहे, एवढीच.

असो, तुमचा प्रश्न राहिला. तिकीट काढायच्या आधी आयोजकाला मेसेज करून विचारा की खाण्याचे थांबे कुठले आणि बनवणारे कोण. नावं सांगितली तर जा. 'सरप्राइज आहे' म्हणाले तर समजा की कुठल्यातरी मोठ्या किचनमधून डबे येणारेत. थांब्यावर गेल्यावर एक मिनिट मालकाशी बोला, किंमत विचारा, परत दुपारी जेवायला या, आमचा खरा फायदा त्या दीडशेत नाही, त्या परत येण्यात आहे.

चित्रं कळत नाहीत त्याचं टेन्शन घेऊ नका. सगळी बघू नका, एका गॅलरीत एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. लाल ठिपका दिसला तर ते विकलं गेलंय. किमतींची यादी डेस्कवर मागता येते, कोणी हसत नाही. जहांगीरला बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो, त्याला विचारा कसं केलं, तो तास घेईल.

आणि पैसे वाचवायचे असतील तर स्वतःचा वॉक स्वतः करा. जहांगीर सातला बंद होतं, एनजीएमए (समोरची सरकारी आधुनिक कलेची गॅलरी) त्याच्याही आधी आणि सोमवारी उघडतच नाही, म्हणून साडेचारला सुरुवात करा. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो तेव्हा सगळ्या एकदम बघता येतात. फोर्टातल्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलचा बेरी पुलाव संध्याकाळी मिळेल या आशेवर जाऊ नका, ते दुपारचं आहे, आमच्यासारखंच.

एक राहिलं. गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या, काही गॅलऱ्या जुन्या बिल्डिंगमध्ये वर आहेत आणि लिफ्टचा भरवसा नसतो. कोलंबीची ॲलर्जी असेल तर सोड्यापासून लांब, वाळवलं म्हणून काही फरक पडत नाही. आणि शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण ऐनवेळी सांगितलं की 'व्हेज ऑप्शन' म्हणून जे पुढ्यात येतं ते कुठल्याही गल्लीत गेलात तरी हम्मसच असतं.