पुन्हा परीक्षेला बसताना: गुण कुठे गळले ते आधी शोधा

प्रश्न : नीटमध्ये (वैद्यकीय प्रवेश परीक्षेत) ४१२ गुण पडले. १८० पैकी ११४ बरोबर, ४४ चूक, २२ सोडले. पुन्हा बसतेय. सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून काढू का? (विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : लगेच नको. आधी प्रश्नपत्रिका, ओएमआरची (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरसूची घेऊन बस. दोन दिवस गेले तरी जाऊ दे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिही: धडाच येत नव्हता तर 'न', येत असून घाईत गेलं तर 'घ', अंदाजाने ठोकलं तर 'ठ'. यातले 'घ'चे गुण सगळ्यात कमी कष्टात मिळतात. चुकलेलं उत्तर बरोबर आलं की चार मिळतात आणि कापला जाणारा एक वाचतो, म्हणजे पाचाचा फरक. असे १५ प्रश्न सावरले तरी ७५ वाढून ४८७ होतात, तेही नवा धडा न उघडता.

घाईच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. भौतिकशास्त्रात अंतर सेंटीमीटरमध्ये दिलेलं असतं, ते मीटरमध्ये न बदलता सूत्रात जातं. येणारं चुकीचं उत्तर अनेकदा पर्यायांत हजर असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. जीवशास्त्रात 'अयोग्य विधान ओळखा' हे 'योग्य' म्हणून वाचलं जातं. वाचतानाच एकक आणि 'अयोग्य' या शब्दाखाली पेनाने रेघ मार. सराव पेपरातल्या अशा चुका एका वहीत टिप आणि दर आठवड्याला ती वही वाच.

'ठ'चा हिशोब असा. एकही पर्याय बाद करता येत नसताना चार प्रश्न ठोकले, तर सरासरी एक लागतो. चार मिळाले, तीन गेले, हाती उरला एक. तेवढ्यासाठी जोखीम नको. पण दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उत्तर जरूर दे.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या सीईटीत पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ८६ पर्सेंटाइल आले. गणित कच्चं आहे. फिजिक्स-केमिस्ट्री वाढवून भागेल का? (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : भागणार नाही. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात. २०० पैकी १०० गुण तिथेच आहेत. अकरावीवर साधारण २० टक्के प्रश्न, म्हणजे गणितातले दहा आणि गुण वीस. पुन्हा बसणारे बरेच जण अकरावीला हातच लावत नाहीत आणि हे वीस गुण सोडून देतात. सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमचय-संचय, सीमा अशी मोजकीच प्रकरणं आहेत. महिनाभर रोज तास-दीड तास दे.

फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. केमिस्ट्री आधी घे आणि ३५ मिनिटांत हातावेगळी कर. बरेच प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांवरच असतात. फिजिक्सच्या गणितांना उरलेला वेळ लागतोच. इथे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवू नकोस.

प्रश्न : मुलाला नीटसाठी लातूर किंवा कोट्याला पाठवावं, की घरीच ठेवावं? (पालक, भुसावळ)

उत्तर : घरी सलग सहा-सात तास शांतता आणि दर आठवड्याला तपासलेला पेपर मिळत असेल, तर गाव सोडण्याची गरज नाही. शंका विचारायला माणूस मात्र हवा. एक गोष्ट घरीच चांगली जमते: परीक्षेच्याच वेळेत सराव. २०२५ ची नीट ४ मे रोजी दुपारी २ ते ५ झाली. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि दुपारी जेवून आडवं व्हायची सवय असलेल्या मुलाचं डोकं नेमकं त्याच वेळी जड होतं. फेब्रुवारीपासून दर रविवारी याच वेळेत पूर्ण पेपर, छापील ओएमआर आणि काळा बॉलपेन घेऊन सोडवायला बसवा. गोळे शेवटी एकदम रंगवू देऊ नका. मधला एक प्रश्न सोडला आणि गोळा सोडायचा राहिला, तर पुढची सगळी ओळ सरकते आणि पेनाचा गोळा खोडता येत नाही. एक पान सोडवलं की त्याचे गोळे रंगवून मगच पुढचं पान.

प्रश्न : नीट मराठीतून द्यावी का? (विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून शिकली असशील, तर इंग्रजीच ठेव, मराठी संज्ञा ऐनवेळी परक्या वाटतात. मराठी निवडलीस, तर पुस्तिकेत दोन्ही भाषा असतात आणि अर्थात फरक पडला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. त्यामुळे अडलं की शेजारचं इंग्रजी वाक्य वाच.