आयोवा विद्यापीठाचे आक्रमण २०२३ मध्ये देशात तळाला का गेले? दोष क्वार्टरबॅकचा होता का?

आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२३ मध्ये दहा सामने जिंकले, बिग टेन या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, आणि तरीही त्याचे आक्रमण संपूर्ण देशात शेवटच्या क्रमांकावर राहिले, हे कसे घडले, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय यात दोष क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, होता की मुख्य प्रशिक्षकांच्या मुलाचा, जो आक्रमणाचा प्रमुख होता, हेही विचारले आहे. मी सीडर रॅपिड्सला राहतो, आयोवाचे किनिक स्टेडियम आमच्या घरापासून साधारण अर्ध्या तासावर आहे, आणि माझा मुलगा शाळेच्या संघात गार्ड म्हणून, म्हणजे पुढच्या अडवणाऱ्या रांगेत, खेळलेला आहे. त्यामुळे क्वार्टरबॅकच्या दोषाचा उल्लेख वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. दोषांच्या यादीत क्वार्टरबॅकचा क्रमांक बराच खाली लागतो. आयोवाने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २३४.६ यार्ड आणि १५.४ गुण मिळवले, आणि हे आकडे एका माणसाच्या चुकलेल्या फेकींमुळे इतके खाली जात नाहीत. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, क्वार्टरबॅक वेगळा होता, तेव्हाही सरासरी २५१.६ यार्डांचीच होती आणि १३१ संघांत क्रमांक १३० वा होता. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात साऊथ डकोटा स्टेटविरुद्ध आयोवा ७-३ असा जिंकला, आणि ते सात गुण तीन गुणांचा एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणे) व प्रत्येकी दोन गुणांच्या दोन सेफ्टी (बचावाने विरोधकाला त्याच्याच गोलक्षेत्रात अडवणे) यांचे होते, म्हणजे त्यांतले चार तर बचावाने मिळवून दिलेले होते. आक्रमणाला टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचणे, एकदाही जमले नाही. दोन वर्षांत माणूस बदलतो आणि दुखणे तेच राहते, तेव्हा दुखणे दुसरीकडे असते.

ते कुठे असते, हे मला टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी शिकवले नाही. ते मला माझ्या मुलाच्या शाळेच्या हंगामात कळले.

तो अकरावीत असताना त्यांच्या संघाचे आक्रमण असेच अडले होते. शुक्रवारी रात्री आम्ही पालक बाकांवर बसायचो, तिसरे डाऊन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) फसले की मागून आरडाओरडा सुरू व्हायचा, आणि तो सगळा क्वार्टरबॅकच्या नावाने असायचा. त्या मुलाची आई आमच्या पुढच्या रांगेत बसत असे. ती एकदाही मागे वळली नाही, पण तिची पाठ ताठ झालेली मला दिसत असे. मुलगा सोळा वर्षांचा होता, उत्तम विद्यार्थी होता, आणि चेंडू हातात आल्यावर त्याला इकडेतिकडे पाहायलाही वेळ मिळत नव्हता. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षकांनी त्याला बसवून दुसऱ्या मुलाला संधी दिली. पुढचे सामने आधीच्या सामन्यांसारखेच गेले.

मी बाकांच्या सर्वांत वरच्या पायरीवरून मुलाचे सामने चित्रित करत असे, आणि बाकीचे सगळे चेंडूकडे पाहत असताना माझा कॅमेरा पाच जणांच्या रांगेवर असे, कारण माझा मुलगा तिथे होता. झोन पद्धतीच्या खेळीत या पाच जणांची पावले लेझीमच्या पथकासारखी एका तालात पडावी लागतात; गार्ड आणि त्याच्या शेजारचा टॅकल दोघे मिळून समोरच्या दांडग्याला हलवतात, आणि तो हलला की दोघांपैकी एक जण त्याला सोडून मागे उभ्या बचावपटूवर, म्हणजे लाइनबॅकरवर, जातो. चित्रणात हे सर्व नीट होताना दिसत होते. मुलगा वेळेवर निघत होता, त्याच्या शेजारचा टॅकलही चुकत नव्हता, आणि तरीही धावणारा दोन यार्डांवर आडवा होत होता. मी एका रविवारी दुपारी त्याला टेबलापाशी बसवून विचारले की हे काय चालले आहे. त्याने भाताचे ताट बाजूला सरकवले, चित्र थांबवले आणि स्नॅपच्या, म्हणजे खेळी सुरू होण्याच्या, आधी रांगेजवळ उभे असलेले विरोधी खेळाडू बोटाने मोजून दाखवले. ते आठ होते. मग त्याने स्वतःच्या बाजूचे मोजले: रांगेतले पाच आणि दोन टाईट एंड (रांगेच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि फेकही झेलणारे). तो म्हणाला, “बाबा, आम्ही सात जण आठ जणांना कसे अडवणार? लांब फेक आम्ही करतच नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यांचा सेफ्टी पुढे येऊन उभा राहतो.” (हा सेफ्टी म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू; वरच्या दोन गुणांच्या सेफ्टीशी त्याचा संबंध नाही.)

त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही नेपरव्हिलला माझ्या साडूंकडे गेलो होतो. माझे साडू शिकागो बेअर्सचे जुने चाहते आहेत, माणूस मनाने चांगला आहे, पण फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सोडून आणखी दहा जण असतात, हे त्यांना कधीच मान्य झालेले नाही. फराळ चालू असताना मुलाच्या संघाचा विषय निघाला आणि ते सर्वांसमोर म्हणाले, “सगळा खेळ क्वार्टरबॅकचा असतो. पुढची जाडी मुले नुसती धक्काबुक्की करतात, त्यात काय डोके लागते?” माझा मुलगा तिथेच उभा होता. त्याने त्यासाठी वजन वाढवले होते, पहाटे उठून व्यायामशाळेत गेला होता, खेळींची जाडजूड वही पाठ केली होती, आणि रोज रात्री बर्फ लावून खांदा शेकत बसत होता. तो काही बोलला नाही, हातातली चकली बशीत ठेवून लहान मुलांबरोबर बाहेर निघून गेला. मी साडूंना आठ आणि सातचा हिशेब सांगायला लागलो, तर त्यांनी विषय हसण्यावारी नेला, आणि बायकोने खूण केल्यामुळे मी तिथेच थांबलो. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. आयोवाच्या २०२३ च्या हंगामात ते दर शनिवारी मला एकच संदेश पाठवत असत: क्वार्टरबॅक बदला.

आता आयोवाकडे येतो, कारण तिथेही हिशेब तोच आहे. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांचा संघ वर्षानुवर्षे आउटसाईड झोनच्या, म्हणजे रांगेच्या टोकाकडे जाणाऱ्या, धावा, दोन टाईट एंड आणि धावेचा बहाणा करून केलेली फेक यांवर उभा राहिला आहे. ही पद्धत चांगली आहे. २०१६ मध्ये देशातील सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाईनला (अडवणाऱ्या रांगेला) दिला जाणारा जो मूर पुरस्कार आयोवाला मिळाला होता. ब्रँडन शर्फ, ट्रिस्टन वर्फ्स, टायलर लिंडरबॉम हे रांगेतले खेळाडू इथूनच एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले, आणि जॉर्ज किटल, टी. जे. हॉकन्सन, सॅम लापोर्टा यांच्यासारखे टाईट एंडही इथलेच. पण ही पद्धत चालण्यासाठी दोन गोष्टींपैकी एक तरी लागते. रांग इतकी बलवान हवी की सात जण आठ जणांना पुरून उरतील, किंवा मग बाहेरच्या बाजूला असा रिसीव्हर (फेक झेलणारा) हवा की त्याच्या धाकाने समोरचा सेफ्टी मागे राहील. लिंडरबॉम २०२१ नंतर एनएफएलमध्ये गेला, त्याच्या जागी लोगन जोन्सला बचावाच्या रांगेतून आणून सेंटर, म्हणजे रांगेतला मधला खेळाडू, केले गेले, आणि तो ती जागा शिकत असतानाच हंगाम सुरू झाला. पहिली गोष्ट अशी गेली.

दुसरी गोष्ट आयोवाने स्वतःच्या हाताने घालवली, आणि याचा मला अधिक राग आहे. चार्ली जोन्स हा रिसीव्हर २०२१ मध्ये आयोवाकडून खेळत होता. विरोधकांनी लाथेने लांब मारलेला चेंडू परत आणणाऱ्यांत तो पूर्ण बिग टेनमध्ये सर्वोत्तम ठरला, पण रिसीव्हर म्हणून त्याच्या वाट्याला वर्षभरात २१ झेल आले. तो बिग टेनमधल्याच परड्यू विद्यापीठात गेला आणि २०२२ मध्ये त्याने ११० झेल घेऊन १,३६१ यार्ड मिळवले. माणूस तोच, प्रतिस्पर्धीही बहुतेक तेच. त्याच वर्षी टायरोन ट्रेसीही गेला, पुढच्या वर्षी कीगन जॉन्सन आणि अर्लंड ब्रूस गेले. ज्या संघात चेंडू आपल्याकडे येणारच नाही, हे दिसते, तिथे चांगला रिसीव्हर थांबत नाही. मग विरोधी सेफ्टी खुशाल पुढे येतात, धाव अडते, तिसऱ्या डाऊनला आठ-नऊ यार्ड उरतात, आणि ज्या क्वार्टरबॅककडे फेकायला माणसेच नाहीत त्याच्याकडे सगळे बोट दाखवतात. २०२३ मध्ये पेन स्टेटविरुद्ध आयोवाने संपूर्ण सामन्यात ७६ यार्ड मिळवले. विस्कॉन्सिनविरुद्ध ३७ यार्डांच्या फेकींवर तो सामना १५-६ असा जिंकला, तेही एका ८२ यार्डांच्या धावेच्या जोरावर.

जिंकणे कसे जमले, याचे उत्तर बचावात आणि पंटमध्ये, म्हणजे आक्रमण अडल्यावर चेंडू लाथेने लांब मारून विरोधकांना देण्यात, आहे. बचावाचे प्रमुख फिल पार्कर यांना त्या वर्षी देशातील सर्वोत्तम सहप्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला, आणि मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने ४,४७९ यार्डांचे पंट मारून १९३८ पासूनचा विक्रम मोडला. पंटचा विक्रम होण्यासाठी आक्रमणाला किती वेळा मैदान सोडावे लागले असेल, याचा विचार करा.

आता प्रशिक्षकांच्या मुलाविषयी. ब्रायन फेरेंट्झ हे आयोवाकडून सेंटर खेळलेले, एनएफएलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे काम करून आलेले गृहस्थ आहेत, आणि २०१६ ची ती पुरस्कारविजेती रांग त्यांनीच घडवली होती. त्यामुळे त्यांना काही येत नव्हते, असे मी म्हणणार नाही. पण रांग शिकवणे आणि २०१७ पासून संपूर्ण आक्रमणाची सूत्रे हाती घेणे या वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि दुसरी त्यांना पेलली नाही. वडिलांच्या हाताखाली मुलगा नको म्हणून कागदोपत्री त्यांना वडिलांऐवजी क्रीडा संचालकांच्या अखत्यारीत ठेवले गेले. माझ्या मते हे चुकीचे होते. आखणी कोणाचीही चुकू शकते, परंतु चुकलेली आखणी इतकी वर्षे टिकली ती या नात्यामुळे टिकली. २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्या वेतनात ५०,००० डॉलरची कपात करून ते ८,५०,००० वर आणले आणि सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट घातली. त्या अटीत बचावाने मिळवलेले गुणही धरले होते, म्हणजे आक्रमणाच्या प्रमुखाचे मूल्यमापन दुसऱ्याच्या कामावर होणार होते. असली अट घालण्यापेक्षा विद्यापीठाने तेव्हाच त्यांना दूर करण्याचा निर्णय घ्यायला हवा होता. तो अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये, हंगाम चालू असताना, तेव्हाच्या हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी घेतला.

माझ्या साडूंनी पुढचे विशेष लक्ष देऊन वाचावे, अशी माझी इच्छा आहे. २०२४ मध्ये टिम लेस्टर आक्रमणाचे प्रमुख झाले. त्यांनी आउटसाईड झोन ठेवला, पण स्नॅपच्या आधी खेळाडूंची हालचाल वाढवली, ज्यामुळे विरोधी लाइनबॅकरला आपली जागा शेवटच्या क्षणी बदलावी लागते आणि आठवा माणूस एका पावलाने उशिरा पोहोचतो. रांगेतली मुले बहुतांशी तीच होती, आता वयाने आणि अनुभवाने मोठी झालेली. चेंडू घेऊन धावणाऱ्या केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड धावून २१ टचडाऊन केले, आणि संघाची सरासरी २७.७ गुणांवर गेली. त्या हंगामात क्वार्टरबॅकच्या जागेवर तीन जण येऊन गेले आणि फेकींचा खेळ तेव्हाही दुबळाच होता. क्वार्टरबॅकच सगळे काही असता, तर सामन्यामागे बारा गुणांची ही वाढ कुठून आली असती?

काही गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. २०२३ मध्ये दुखापतींनी संघाला फार छळले: मिशिगनहून आलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेरीस गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि ल्यूक लाची व एरिक ऑल हे दोन्ही टाईट एंड हंगामाच्या पूर्वार्धातच गेले. मॅकनमाराच्या जागी आलेल्या डीकन हिलच्या निम्म्याहून कमी फेकी झेलल्या गेल्या, आणि त्यांतल्या निदान काही फेकी मोकळ्या माणसाकडे असूनही चुकलेल्या होत्या, हे मीही पाहिले आहे. केलेब जॉन्सनही २०२३ मध्ये दुखापतग्रस्त होता, त्यामुळे दोन वर्षांची तुलना अगदी काटेकोर म्हणता येणार नाही. शिवाय सराव मी पाहत नाही. मी फक्त सामने पाहतो.

तुमच्या संघाचे नेमके काय चुकते आहे, हे तपासायचे असेल, तर पुढच्या सामन्यात चेंडूकडे पाहू नका. स्नॅपच्या आधी रांगेजवळ उभे असलेले विरोधी खेळाडू मोजा आणि मग आपले अडवणारे मोजा. सात जणांसमोर आठ दिसत राहिले, तर रिसीव्हर आणि खेळींची आखणी यांबद्दल प्रशिक्षकांना प्रश्न विचारा. सातांसमोर सातच असून धाव अडत असेल, तर रांगेचे काम कमी पडते आहे. संख्या बरोबरीची आहे, रांग तीन सेकंद टिकते आहे, रिसीव्हर मोकळा आहे आणि तरीही चेंडू जमिनीवर पडतो आहे, असे वारंवार दिसले, तर क्वार्टरबॅक बदलण्याची मागणी करा, आणि त्या वेळी मीही तुमच्या बाजूने असेन.